ओसरीवरची गैरहाजिरी

"गैरहाजिर!" गुरुजी आतून म्हणले आन टाक दौतीत बुडवला. मी तिथंच होते, दाराबाहेर ओसरीवर, पाटी मांडीवर घेऊन बसल्ते. आतली पोरं वळून बघत खिदळली.

निजामाचं राज्य होतं. नाव पुकारलं की "हाजिर जनाब" म्हणायचं, हा शाळेचा कायदा. आतली पोरं हळू म्हणली तरी चालायचं. मी महारवाड्यातली. मला ओरडावं लागायचं, कारण गुरुजी बाहेर येणार न्हाईत आन मी आत जायचं न्हाई.

माझं नाव आलं की तोंड उघडायची, पण आवाजच फुटायचा न्हाई. एकदा परकर ओला झाला. "जनावर हाय, जनावर," गुरुजी म्हणले. एका पोरानं लांबून पाणी ओतलं, मी ओसरी धुतली. रडले न्हाई. खरं सांगते, काहीच वाटलं न्हाई. वाटणंच बंद झाल्तं.

घरी शेळीपुढं शंभरदा म्हणायची. "हाजिर जनाब, हाजिर जनाब." बराबर यायचं. शाळेत तोंडच उघडत न्हाई म्हणल्यावर मायला वाटलं, दृष्ट लागली. मीठ-मिरच्या उतरून चुलीत टाकल्या, ठसका उठला न्हाई. "लई कडक नजर हाय बाई," माय म्हणली. पोर भेलंय, हे कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई. न बोलणारं पोर म्हणजे एक तर मुकं, न्हाई तर माजलेलं. तिसरं काही कुणाला ठावंच नव्हतं.

बा जालन्याला कापसाच्या जिनिंगात कामाला होता. महारवाड्यातली शाळेत जाणारी पोरगी मी एकटीच, त्याचा त्याला लई अभिमान. वर्ष सरलं तवा गावी आला आन थेट शाळेत गेला. मी ओसरीवरच बसल्ते. त्यानं ओसरीखाली हात जोडून विचारलं, "पोरगी दुसरीत गेली का जी?"

गुरुजींनी हजेरीचं बुक लांबूनच दाखवलं. "वर्षभर आलीच न्हाई तुझी पोरगी. नाव काटून राह्यलो."

बानं मारलं न्हाई. माझ्याकडं बघून नुसतं म्हणला, "मंग कुठं जात होतीस गं?"

हे मात्र लागलं. आतपर्यंत लागलं.

मी उठले. उंबरा ओलांडला. "अगं ए, ए!" कुणीतरी ओरडलं. फळ्याजवळ गेले, खडू उचलला आन लिहिलं, हाजिर. तोंडातून आवाज निघालाच न्हाई. अक्षर वाकडं आलं, पण साफ वाचता येत होतं. बाहेर बसून, दारातून बघून शिकल्ते मी ते.

गुरुजी भिंतीला जाऊन टेकले. "बाटवला फळा! धुवा, जल्दी!" पाटलाच्या पोरानं पाणी मारलं. बा ओसरीखालून हात करत होता. "चल माय, चल घरी." मी हालले न्हाई. ओल्या फळ्यावर परत लिहिलं.

"उद्या दिसली तर तंगडं तोडीन," गुरुजी म्हणले. नाव काटलंच त्यांनी.

सकाळी मी मायला म्हणलं, "पाटी दे. आज मी आत बसणार."

"मारतील गं तुला."

"मारू दे. मारायला तरी शिवावं लागंल त्यांना."