बाबा म्हणत होते तो पट्टा

माझे सासरे, म्हणजे बाबा, फॅक्टरीत फिटर होते. निवृत्तीनंतर घरात बसून पेपर वाचण्याचा त्यांचा उत्साह जेमतेम महिनाभर टिकला. तेव्हा माझ्या नवऱ्याचं टेंट हाउस नुकतंच सुरू झालं होतं. लग्नाच्या खुर्च्या, गाद्या, कनाती वाहायला एक जुना छोटा ट्रक होता, आणि एका उन्हाळ्यात त्याचं इंजिन पार बसलं. बाबांनी भंगारात निघालेल्या भलत्याच गाडीचं इंजिन शोधून आणलं आणि फॅक्टरीतल्या दोन जुन्या मित्रांना हाताशी घेऊन घरासमोरच्या मोकळ्या जागेत ते या ट्रकमध्ये बसवलं. माझं माहेर जुन्या वस्तीतलं, दीक्षितपुऱ्यातलं. तिथल्या गल्लीत सायकल वळवायची पंचाईत. दारात ट्रकचं पोट उघडं पडलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. तिघं म्हातारे दिवसभर एकमेकांवर खेकसत आणि चहा आला की हसत. इंजिन चालू झालं त्या दिवशी बाबा आंघोळ न करताच जेवायला बसले आणि सासूबाईही काही बोलल्या नाहीत.

ते इंजिन बरीच वर्षं विनातक्रार चाललं. या काळात सासूबाई गेल्या. मग बाबांना लकवा मारला.

उजवा हात आणि उजवा पाय गेला. पाय हळूहळू थोडा सावरला, काठी घेऊन अंगणापर्यंत येता येऊ लागलं. हात आला नाही. बोलणं मात्र विचित्र झालं होतं. त्यांना सगळं समजायचं, पण हवा तो शब्द सापडायचा नाही. पाणी हवं असलं की 'चावी' म्हणायचे, आणि आपण चुकीचं बोललो हे त्यांनाच आधी कळायचं. मग मान खाली घालायचे. बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी चित्रांची कार्डं दिली होती. दुपारची जेवणं झाली की मी ती घेऊन त्यांच्यासमोर बसायची. कप, छत्री, गाय. एक एक शब्द ते असा उचलायचे जशी कोणी विहिरीतून कळशी ओढावी.

गेल्या हिवाळ्यात ट्रकने त्रास द्यायला सुरुवात केली. सकाळी थंड इंजिनावर सेल्फ, म्हणजे इंजिनाला फिरवणारा स्टार्टर, कुरकुरत का होईना फिरायचा आणि गाडी चालू व्हायची. पण कुठे सामान उतरवायला गाडी बंद केली की संपलं. चावी फिरवली की नुसतं 'टक' व्हायचं. सिविल लाइंसमधल्या एका बंगल्यावर रिसेप्शन होतं. तिथे माझ्या नवऱ्याला सुटाबुटातल्या पाहुण्यांकडून धक्का मारून घ्यावा लागला. घरी येऊन तो ते सांगताना हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं.

मिस्त्री चांगला माणूस होता, नेहमीचा. त्याने बॅटरी तपासली, मग बदलली. सेल्फ खोलून दुरुस्त केला, पुढे तोही नवीन टाकला. अॅक्सिलरेटरची केबल दोनदा जळाल्यासारखी होऊन अडकली, तीही दोनदा बदलली. बॅटरीपासून चेसिसपर्यंतची, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यापर्यंतची, वायर खरवडून घट्ट केली. दर वेळी दोन-चार दिवस गाडी बरी चालायची आणि पुन्हा तेच.

बाबा खिडकीतून सगळं बघत असायचे. एकदा मिस्त्री बॉनेटमध्ये वाकलेला असताना ते काठी टेकत बाहेर आले आणि म्हणाले, "पट्टा."

"क्या बाबूजी?"

"पट्टा. पट्टा."

मिस्त्रीने पंख्याचा पट्टा पाहिला. तो थोडा झिजला होता खरा. त्याने नवीन घातला. बाबा डावा हात हलवत राहिले, नाही, नाही. नवरा म्हणाला, "बाबा, बदलला ना पट्टा. चला, आत बसा, ऊन लागून राहिलं." मी त्यांना आत आणलं. मलाही वाटलं, पाण्याला चावी म्हणतात तसंच हेही काही असेल.

त्यानंतर सिहोऱ्याच्या एका लग्नाहून परतताना ट्रक चहाच्या टपरीजवळ बंद करायची चूक झाली आणि तो तिथेच राहिला. दुसऱ्या गाडीने ओढून आणावा लागला. त्या दिवशी जेवताना माझा नवरा थकलेला होता. तो म्हणाला, "या ट्रकला हे इंजिन सूटच होत नाही. दुसऱ्याचं काळीज बसवलं तर असंच होणार. विकून टाकतो आता."

तो माझ्याशी बोलत होता. पण बाबा समोरच बसले होते. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी कार्डं घेऊन गेले तर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. मी नवऱ्याला म्हटलं, "तू काहून बोललास तसं त्यांच्यासमोर?" तो म्हणाला, "मला त्यांना दुखवायचं नव्हतं गं. मी काय करू, सीझन चालू आहे. लोक मंडपाची वाट पाहतात नि मी रस्त्यावर धक्का मारून राहिलो." त्याचंही खरं होतं. रविवारी ट्रक बघायला गिऱ्हाईक येणार होतं.

शनिवारी दुपारी मी कार्डं घेतलीच नाहीत. बाबांना म्हटलं, "चला, ट्रकपाशी बसू." अंगणात खुर्ची टाकली. नवरा कुठे तरी कनातींचा हिशेब बघायला गेला होता. बाबा कितीतरी वेळ ट्रककडे बघत बसले. मग त्यांनी माझ्याकडे बघून अगदी सावकाश म्हटलं, "पट्टा."

"पंख्याचा नाही ना?"

मान हलली. नाही.

"सीटचा? ताडपत्रीचा?"

नाही. ते चिडले नाहीत. डावा हात वर करून त्यांनी बोट दाखवलं, माझ्या खांद्याकडे. मी पदर बघितला, मग मागे वळून बघितलं. त्यांचं बोट हललं नाही. खांद्यावरून माझी वेणी पुढे आली होती.

"वेणी? वेणीसारखा पट्टा?"

त्यांनी डोळे मिटले आणि जोरात मान डोलावली. मग बोट ट्रकच्या पोटाकडे नेलं. "खाली," ते म्हणाले. हा शब्द कार्डांमध्ये नव्हता. तो त्यांचा त्यांनीच आणला होता.

मी सतरंजी अंथरली, साडी खोचली, मोबाइलचा टॉर्च लावला आणि ट्रकखाली सरकले. बाबा काठीने पत्र्यावर टकटक करून सांगत होते, की अजून मागे. तेल आणि मातीचा वास नाकात भरला होता. गिअरबॉक्सच्या एका बोल्टला मला तो दिसला. तांब्याच्या बारीक तारा विणून केलेला चपटा पट्टा, खरंच वेणीसारखा. एक टोक चेसिसला. दुसरं टोक बोल्टपाशी हिरवं पडून कुजलेलं, दोन-चार तारांवर लोंबकळत होतं. मी बोट लावलं तशा त्याही तुटल्या.

"तुटलाय बाबा," मी खालूनच म्हटलं. काठीचा आवाज थांबला.

नवऱ्याला फोन केला. तो मिस्त्रीला घेऊनच आला. मिस्त्री खाली जाऊन आला आणि म्हणाला, "अर्थिंग की पट्टी है. हम आगे देखते रहे, कंपनी में तो आगे लगती है." मग त्याने मला समजावून सांगितलं. इंजिन रबराच्या ठोकळ्यांवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याचा चेसिसशी थेट संबंध नसतो. सेल्फला लागणारा मोठा करंट या पट्ट्यातूनच परत जातो. पट्टा कुजला तशी त्याला वाट उरली नाही, मग तो बिचाऱ्या अॅक्सिलरेटरच्या केबलमधून जाऊ लागला. म्हणून ती जळायची, आणि गाडी गरम झाली की ही वाटही अडायची. बाबांनी इंजिन बदललं तेव्हा नव्या इंजिनाला पुढे जागा नव्हती, म्हणून त्यांनी पट्टा मागे गिअरबॉक्सवर घेतला होता. हे फक्त त्यांनाच माहीत होतं.

नवऱ्याचा अजून फारसा विश्वास बसला नव्हता. तो म्हणाला, "आधी गाडी गरम करू." कशीबशी चालू करून ट्रक एक चक्कर मारून आणला आणि बंद केला. चावी फिरवली. टक. मग मिस्त्रीने एक जाड वायर बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनाच्या अंगाला धरली. "अब सेल्फ मारो."

सेल्फ असा फिरला की मी दचकून मागे झाले. इंजिन एका झटक्यात चालू झालं.

नवऱ्याने ते बंद केलं, पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद केलं. मग खाली उतरला आणि बाबांच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला. "बाबा, इंजिन चांगलं आहे," तो म्हणाला. "इंजिनात काही नव्हतंच."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. इतके दिवस त्या माणसाने मनात काय धरून ठेवलं होतं ते मला तेव्हा कळलं. मुलाला वाटतं आपण त्याच्या गळ्यात वाईट इंजिन बांधलं, आणि तसं नाही हे दाखवायला आता हातही नाही नि तोंडही नाही. त्यांनी डावा हात मुलाच्या डोक्यावर ठेवला.

मिस्त्रीने त्याच संध्याकाळी नवीन पट्टा लावला. बोल्टखालचा गंज घासून लोखंड चकचकीत केलं. बाबा समोर बसून बघत होते, आणि तो मधूनमधून विचारत होता, "ठीक है बाबूजी?" गिऱ्हाइकाला नवऱ्याने येऊ नका म्हणून कळवलं.

बाबांचा हात काही आला नाही. शब्द थोडे वाढले, पण पाण्याला ते अजूनही कधी कधी चावीच म्हणतात. एवढं मात्र झालं, की पुढच्या महिन्यात सिहोऱ्याचं काम निघालं तेव्हा नवरा म्हणाला, "बाबा, चलता का?" लकव्यानंतर दवाखाना सोडून ते कुठे गेले नव्हते. त्यांना केबिनमध्ये चढवायला आम्हाला दोघांना बराच जोर लागला.

संध्याकाळी ते परतले. बाबा दमून लगेच झोपले. नवरा स्वयंपाकघरात माझ्यापाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, मंडपात त्यांना खुर्ची देऊन बसवलं होतं, तर नवरीचा काका त्यांच्याशी बोलत बसला. ट्रक जुना दिसतो, कसा चालतो, असं काही विचारलं त्याने.

"मग तू सांगितलंस?"

"नाही. मी लांबूनच पाहत होतो. बाबा सांगून राहिले होते. 'इंजिन' म्हणाले, 'मी' म्हणाले, 'बदललं' म्हणाले. खूप वेळ लागला. पण तो माणूस बसला ऐकत." तो एवढं बोलला आणि तोंड फिरवून माठातलं पाणी घेऊ लागला. मी पोळ्या लाटत राहिले, त्याला थोडा वेळ मिळावा म्हणून.