जहाजाची दृष्ट काढणारे भाऊजी

आमच्या थोरल्या भाऊजींइतका लोखंडाचा संशय घेणारा माणूस शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुके पालथे घातले तरी सापडायचा नाही. नोकरी सगळी मुंबईच्या गोदीत गेली. लढाऊ बोट लोखंडाची. तिच्यात आपोआप चुंबक भरतं आणि पाण्यातले सुरुंग त्यावरून तिला ओळखतात. म्हणून तिला सगळीकडून जाड केबल गुंडाळायची, वीज एकदा या बाजूनं सोडायची, एकदा उलटी, दर वेळी थोडी कमी, असं करत करत चुंबक उतरवायचं. "दृष्टच काढतो आमी तिची," असं भाऊजी सांगायचे.

निवृत्त होऊन गावी, शेणव्याला आले ते खिशात होकायंत्र घेऊनच. लोखंड फार दिवस एका दिशेला उभं राहिलं की त्याला खोड लागते, म्हणून दर रविवारी घरातलं लोखंडी कपाट फिरवायचे. एका रविवारी कपाटाचं दार भिंतीकडे गेलं आणि जाऊबाई, म्हणजे भाऊजींची बायको, हळदीकुंकवाला अंगावरच्याच साडीत गेल्या. कापणी जवळ आली की बाजारात प्रत्येक विळ्याला होकायंत्र लावून बघायचे. दुकानदार म्हणाला, "काका, भात कापायचाय का बोट चालवायचीय?"

"भातच," भाऊजी गंभीरपणे म्हणाले, "पण लोखंड ते लोखंड."

मी त्यांच्यासमोर पदर सारखा करून गप्प राहायची. तशी मी सगळ्यांसमोरच गप्प. एकदा जाऊबाईंनी ठरवलं की पडवीत भाताच्या गोण्या राहतील आणि माझी शिलाई मशीन गोठ्यात जाईल. गोठ्यात ब्लाउजचं माप द्यायला कोण बाई येणार? माझं कामच बंद पडलं असतं. तरी मला तोंड उघडवेना. दोन दिवस जाऊबाई एकट्याच भांडत होत्या.

तिसऱ्या दिवशी भाऊजींनी आम्हा दोघींना पडवीत समोरासमोर बसवलं. आधी बायकोला मनसोक्त बोलू दिलं. मग माझ्याकडे वळले, "आता तू बोल गो. एकाच बाजूनं वीज सोडली तर लोखंड जास्त बिघडतं."

"मशीन नाय हलवायची," मी पुटपुटले.

"एवढ्यानं होडक्याचं चुंबक पण नाय उतरायचं! जोरात!"

मग मी अशी ओरडले की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. "तिथं माझ्याकडं कोण येल? मला विचारलं का कोणी?" मग पुन्हा त्या, पुन्हा मी, आणि भाऊजी हात खाली खाली आणतायत, "आता थोडं कमी. अजून कमी." शेवटी जाऊबाई अगदी हळू बोलल्या, "ठेव बाय तुझी मशीन. माझ्या चार गोण्या तेवढ्या मागं लाव." आणि दोघींना हसू फुटलं.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी जोर सोडला, तसे भाऊजी जाऊबाईंना घेऊन कल्याणला मुलाकडे राहायला गेले. आता सगळी पडवी माझी. बायका येतात, मी मोठ्यानं बोलते, बाहीच्या मापावरून वादही घालते. पण मशीन मी पुढंच ठेवलीय. मागची चार गोण्यांची जागा रोज झाडते आणि मोकळीच ठेवते.