उंची : अभियंता

हसायचं असेल तर सगळं ऐकून झाल्यावर हसा. मध्येच हसलात तर पुढचं सांगायचा माझा धीर होणार नाही. मी माझं जमत आलेलं लग्न स्वतःच्या हाताने मोडलं. भांडून नाही, देण्याघेण्यावरून नाही. एक ओळ खाली सरकली म्हणून.

दोन हजार सात-आठच्या सुमाराची गोष्ट. मोबाईलला तेव्हा बटणं असायची आणि पडदा काडेपेटीएवढा. नाशिकला कॉलेज रोडवर एका दातांच्या दवाखान्याच्या डोक्यावर आमची कंपनी होती. कंपनी म्हणजे आम्ही तिघं. मोबाईलवर चालणारे छोटे छोटे प्रोग्रॅम बनवायचो आणि त्यातली पडद्यावरची मांडणी माझ्याकडे असायची. कुठलं अक्षर कुठे बसेल, ओळ कुठे तुटेल, कुठला रंग द्यायचा. काम ऐकायला किती हलकं वाटतं, नाही? मलाही वाटायचं. तिथेच घात झाला.

आईच्या ओळखीचे एक तात्या होते. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. पंचवटीत राहत्या घरी आमच्या समाजाचं वधू-वर मंडळ चालवायचे. मुलामुलींच्या परिचयाच्या फायलींनी त्यांचं एक कपाट भरलं होतं, आणि शोधायला गेलं की हवी ती फाईल हमखास कुणीतरी घरी नेलेली असायची. म्हणून त्यांच्या मनात आलं की हे सगळं मोबाईलवर घ्यावं. आईने माझं नाव सांगितलं, आणि सांगता सांगता माझा स्वतःचा परिचयही त्यात घालायचा, हेही ठरवून टाकलं.

मांडणी साधी ठेवली. तेव्हाच्या बऱ्याच मोबाईलना मराठी यायचं नाही, म्हणून अक्षरं आम्ही आमची काढली. डावीकडे एकाखाली एक शब्द : नाव, शिक्षण, नोकरी, उंची, चष्मा, व्यसन, शेती, अपेक्षा. उजवीकडे त्यांची उत्तरं. खरं तर प्रत्येक शब्द आणि त्याचं उत्तर मी एकमेकांना बांधायला हवं होतं. मी काय केलं? शब्दांचा एक उभा रकाना केला, उत्तरांचा दुसरा, आणि दोघांना नुसतं शेजारी उभं केलं. माझ्या मोबाईलवर ते अगदी झकास दिसलं. माझा मोबाईल रुंद पडद्याचा होता. दुसऱ्या कुठल्या मोबाईलवर बघावं, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

आता माझा स्वतःचा परिचय. 'व्यसन'पुढे लिहिलं 'नाही'. निफाडकडे आमची थोडी जमीन आहे, म्हणून 'शेती'पुढे 'दोन एकर द्राक्षबाग'. 'अपेक्षा'पुढे 'समजूतदार मुलगी'. 'चष्मा'पुढे 'आहे' लिहिलं तर आई नाराज झाली. म्हणाली, चष्मा काय, दिसतोच माणसाला, लिहून कशाला ठेवायचा? पण मी तत्त्वाचा माणूस. खरं तेच लिहिणार.

फक्त एका ठिकाणी तत्त्व जरा ढिलं पडलं. 'नोकरी'पुढे 'मोबाईल सॉफ्टवेअर अभियंता' असं होतं. मला ते रोडकं वाटलं. मी पुढे 'वरिष्ठ' जोडलं. तिघांच्या कंपनीत मी कुणाला वरिष्ठ होतो, ते विचारू नका.

महिन्याभरात तात्यांनी स्थळ आणलं. मखमलाबादची मनीषा. घरची फुलशेती, झेंडू आणि शेवंती. मुलगी रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला. तात्यांनी दोन्हीकडे तोंडभरून कौतुक केलं होतं, त्यामुळे परिचय न बघताच रविवारी सकाळी जायचं ठरलं. मी नवीन शर्ट घातला. आईने जाताना देवाला साखर ठेवली.

तिकडे काय झालं होतं, ते मला फार नंतर कळलं. त्याच सकाळी मनीषाच्या मामांनी तात्यांकडून माझा परिचय आपल्या मोबाईलवर घेतला आणि घरी येऊन सगळ्यांना वाचून दाखवला. आम्ही तोवर रिक्षात बसलो होतो. दारात आलेल्या पाहुण्यांना परत कसं पाठवणार? म्हणून त्यांनी आम्हाला बसवलं, पोहे दिले आणि आमच्याकडे बघत बसले.

मनीषा आली. शांत, सावळी, नजर थेट. ती समोर बसली आणि मला पोह्यांची चव कळेनाशी झाली. तिची आई दारात उभी होती. वडिलांना सगळे अण्णा म्हणत. ते माझ्याकडे न बघता छपराकडे बघत होते. मला वाटलं, शेतकरी माणूस, मितभाषी असेल.

मग मामांनी घसा साफ केला. म्हणाले, "तुम्ही सगळं खरं लिहिलंय, त्याचं आम्हाला कौतुक हाय. पण विचारतो, राग नका मानू. कधीपासून हाय हे?"

आता तुम्हीच सांगा, मला काय वाटणार? खरं लिहिलं म्हणजे काय लिहिलं? मी चष्मा सारखा केला आणि म्हणालो, "आठवीपासून."

मामांनी अण्णांकडे बघितलं. "आठवीपासून. आन् घरात माहीत होतं?"

"वडीलच घेऊन गेले होते पहिल्यांदा," मी म्हणालो. "त्यांनाही होता. आजोबांनाही होता."

मनीषाच्या आईने पदर तोंडाला लावला. मामा माझ्या आईकडे वळले आणि तुम्हाला हे चालतं का, असं त्यांनी विचारलं. आई बिचारी आधीपासूनच त्या चष्म्यावरून धास्तावलेली. तिला वाटलं, आता आपणच बाजू सावरावी. ती म्हणाली, "आता सवय झाली हो आम्हाला. उशाशी ठेवूनच झोपतो. सकाळी डोळे उघडायच्या आत हात तिकडेच जातो. पण त्याने कामात काही अडत नाही. उलट तो नसला तर याला काही सुधरत नाही."

मामांनी हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली.

मग मामांनी विचारलं, सोडायचा काही विचार? मी म्हणालो, हल्ली ऑपरेशनने जातो म्हणे, पण मला घाई नाही, माझं चांगलं चाललंय.

इथे थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण अण्णांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं आणि अगदी सावकाश म्हणाले, "हे बघा, तुमची जी अपेक्षा हाय ना, ती आमच्याच्यानं पुरी व्हायची नाय. आमच्याकडं तसलं काय नाय."

मला वाईट वाटलं. बाप स्वतःच्या मुलीसमोर सांगतोय की ती समजूतदार नाही. इतका नम्रपणा बरा नव्हे. मनीषाने मान खाली घातलेली. तिला धीर यावा म्हणून मी हसून म्हणालो, "अहो अण्णा, थोडं कमी असलं तरी चालेल मला. आत्ताच पाहिजे असंही नाही. लग्नानंतर हळूहळू येईल की."

"लग्नानंतर हळूहळू," अण्णा म्हणाले आणि उठून मळ्यात निघून गेले.

रिक्षात आई म्हणाली, माणसं चांगली वाटली. मी म्हणालो, हो ना.

दोन दिवसांनी तात्यांचा फोन आला. नकार. त्यांचा आवाजही पडलेला होता. मला समजावत होते की अरे, दारू सुटते, माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, पण दोन एकर बाग मागायची म्हणजे फार झालं, त्यांचं मिळून दीड एकर नाही. कुठली दारू? कुठली बाग? तसाच उठून पंचवटी गाठली. तात्यांनी आपला जुना, अरुंद पडद्याचा मोबाईल माझ्या हातात दिला. मी वाचलं.

नोकरी : वरिष्ठ मोबाईल सॉफ्टवेअर
उंची : अभियंता
चष्मा : पाच फूट सात
व्यसन : आहे
शेती : नाही
अपेक्षा : दोन एकर द्राक्षबाग

'वरिष्ठ' घुसल्यामुळे 'अभियंता' त्या पडद्यात मावला नव्हता. तो खालच्या ओळीत उतरला आणि त्याच्याखालचं प्रत्येक उत्तर एकेक पायरी खाली ढकललं गेलं. समजूतदार मुलगी सगळ्यांत शेवटी होती. ती पडद्याबाहेर पडली.

मी मोबाईल तात्यांपुढे धरला. तात्यांना विचारलं, तुम्ही हे वाचलं होतंत? म्हणाले, वाचलं ना, पण हल्लीची मुलं मोकळेपणाने लिहितात असं वाटलं. 'उंची : अभियंता'चं काय? तर म्हणाले, ते मला तुमच्या क्षेत्रातलं काहीतरी वाटलं.

मग आम्ही एकेक परिचय उघडत गेलो. ज्यांचं सगळं थोडक्यात होतं ते वाचले होते. बाकीच्यांची दैना. अंगणवाडीच्या एका पर्यवेक्षिकेची उंची होती 'दिंडोरी तालुका'. एका प्राध्यापकाचं शिक्षणच दोन ओळींचं, त्यामुळे त्याला चष्म्याच्या जागी उंची आणि व्यसनाच्या जागी चष्मा. तो गेले तीन आठवडे तात्यांना रोज विचारत होता, मला कुणीच का बोलावत नाही? मी हे सगळं बघत होतो आणि मला रडू येत होतं. माझं एकट्याचं बिघडलं असतं तर सोसलं असतं. मी अर्ध्या समाजाला बेवडा करून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच मखमलाबादला गेलो. अंगणात झेंडूची तोड आलेली, सगळे फुलं निवडत बसलेले. मला बघून मामांचा हात थांबला. मी दोन मोबाईल शेजारी शेजारी ठेवले, माझा आणि त्यांचा. काय झालं ते सांगायला लागलो, पण घाबरून रकाने, ओळी, रुंदी असलं काहीतरी बरळत सुटलो. अण्णांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यांना मी आत्ताही प्यालेलोच वाटतोय.

मनीषाने फुलांचे हात ओढणीला पुसले, दोन्ही मोबाईल घेतले, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. आणि हसायला लागली. तिनेच मग घरच्यांना बोट ठेवून एकेक ओळ समजावली. 'लग्नानंतर हळूहळू येईल' इथवर आली तेव्हा मामासुद्धा डोळे पुसत होते. अण्णा मात्र हसले नाहीत. ते उठले आणि मला स्वतःच्या हाताने पाणी आणून दिलं.

हसू ओसरल्यावर मनीषा म्हणाली, "आमच्या लॅबमध्ये एकाचा आकडा दुसऱ्यासमोर गेला तर माणूस दगावेल. तुम्ही हे एकदाही दुसऱ्या मोबाईलवर बघितलं नाही?"

मी मान हलवली.

"आणि मामा इतकं विचारत होते, तर कशाबद्दल विचारताय, असंही नाही विचारलंत."

मी चष्मा काढून पुसत बसलो. पण ती रागावलेली वाटली नाही, आणि निघताना अण्णा म्हणाले, "आधी सगळ्यांचं नीट करा. मग आम्ही पुन्हा पहिल्यापासनं बघू." हे वाक्य मी घरी येईपर्यंत मनात वीस वेळा म्हटलं.

पुढचे दहा दिवस मी जे काम केलं, तसं आयुष्यात केलेलं नाही. प्रत्येक शब्द त्याच्या उत्तराला बांधला. उत्तर दोन ओळींचं झालं तर शब्दही तेवढा खाली थांबेल. पडद्यात मावलं नाही तर खाली बाण दिसेल. मेनरोडच्या एका मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे स्टुलावर बसून, त्याच्याकडे आलेल्या प्रत्येक मोबाईलवर मी परिचय उघडून बघितले. मामांचा होता तसला तर तीनदा तपासला. अक्षरं थोडी मोठी केली, कारण अण्णांना जवळचं कमी दिसत होतं हे मला त्या दिवशी दिसलं होतं. 'वरिष्ठ' काढून टाकलं. तात्यांनी नवीन प्रोग्रॅम घरोघरी पोचवला आणि मी फोनची वाट बघत बसलो.

तीन आठवड्यांनी फोन आला. तात्यांचा आवाज आनंदाने फुटत होता. "अरे, मखमलाबादकरांचं जमलं. मोबाईलवरून जमलेलं आपल्या मंडळाचं पहिलं लग्न. रविवारी साखरपुडा आहे. तू आणि आई जरा लवकर या."

मी हो हो म्हणून फोन ठेवला आणि आईला मिठी मारली. जुन्या पद्धतीची माणसं, आधी कळवत नाहीत, थेट बोलावतात, असं मीच तिला समजावलं. आईने निफाडच्या मावशीला कळवलं. मावशी शनिवारीच आली. पेढे घेतले. मी आणखी एक नवीन शर्ट घेतला.

मांडवात गेलो तर पाटावर एक जण बसलेला होता. उंच, हसतमुख, मनमाडच्या शाळेत शिक्षक. मावशीने मला हळूच विचारलं, हा कोण? मी म्हणालो, असेल कुणी नातेवाईक. तेवढ्यात मनीषा त्याच्या शेजारी येऊन बसली.

मग तात्यांनी माईक घेतला. माझं नाव पुकारलं. शाल, नारळ, टाळ्या. शाल अण्णांनी घातली. डोळ्यांत पाणी आणून माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "तुमचे लय उपकार झाले बघा. आधी सगळीच गिचमिड, काय वाचता येत नव्हतं. तुम्ही नीट करून दिलं, आन् पोरीनं एका बैठकीत बेचाळीस पोरं वाचून काढली."

त्या बेचाळिसांत मीही होतो. आणि माझी एकही ओळ सरकलेली नव्हती.