पान उलटवणारे मास्तर

कापसाचे व्यापारी सावजी, त्यांनी मास्तरांना फसवले. आठ दिवसांसाठी म्हणून अकोल्यातल्या आमच्या शाळेची खोली मागून घेतली, तिच्यात छपरापर्यंत कापूस कोंबला आणि कुलूप घातले. ती खोली मास्तरांना परत मिळालीच नाही. हे आधी सांगून मोकळा होतो. नाहीतर मास्तरांची आठवण काढायला बसलो की हेच आधी तोंडी येते आणि बाकीचे सांगायचे राहते.

हातात येईल ती वस्तू उलटी करून पाहायची मास्तरांना खोड होती. भाकरी, पाटी, कोणी दिलेला आंबा, काहीही. माझे विड्याच्या पानांचे दुकान शाळेसमोरच होते. टोपलीतले पान उचलले की ते चकचकीत बाजू बघतच नसत. "पानवाले, तुम्ही गिऱ्हाइकाला पानाचा चेहरा दाखवता. पानाचा सगळा कारभार पाठीकडून चालतो." डोक्यावर टोपली वाहून वाहून मी ते दुकान उभे केलेले. पानाबद्दल पुण्याकडच्या माणसाने मला शिकवावे हे मला कसे खपणार?

"मास्तर, पान मले नका शिकवू. शिकवाचंच असंल तर दाखवा."

त्यांना तेच हवे होते. शाळेच्या ओसरीवर शेगडी पेटली. पाण्यात काही लबाडी नको म्हणून पातेले मी माझे आणले, पाणी माझे, पानही माझेच. मास्तर खुशाल हसले. कढत पाण्यात पान धरले तशी त्याच्या पाठीवर मोहरीहून बारीक बुडबुड्यांची दाटी झाली. वरच्या बाजूला एकही नाही. मी पातेल्याभोवती फिरून पाहिले, दुसरे पान घातले, तिसरे घातले. तेच.

"आपल्याला दिसत नाहीत अशी तोंडे आहेत ती," मास्तर म्हणाले. "पान त्यांतून श्वास घेते, पाणीही त्यांतूनच जाते."

मग त्यांनी एका पानाच्या पाठीला जवसाचे तेल चोपडले, दुसऱ्याच्या वरच्या बाजूला, आणि दोन्ही दोरीवर टांगली. दुसऱ्या दिवशी वरून माखलेल्या पानाने मान टाकली होती. पाठ माखलेले ताठ होते. मी लगेच विचारले, "मंग टोपलीभर पानाले तेल लावलं तर नागपूरपावतर टिकतीन काय?"

"टिकतील की. पण खाणार कोण?"

ओसरीवरची पोरे खो-खो हसली. मी चिडून दुकानात परतलो, आणि संध्याकाळी पुन्हा जाऊन बसलो.

माझ्याकडून ते चुना नेत, तोही रोज, आणि भावात एक शब्द न बोलता. घासाघीस न करणाऱ्या गिऱ्हाइकाचा मला संशयच येतो. "एवढा चुना खाता काय?" म्हणून मागोमाग गेलो, तर चुना पाण्यात कालवून वरची निवळ वाटीत काढणे चालले होते. मोड आलेला हरभरा आणि ती वाटी एका गोऱ्या साहेबाकडून आणलेल्या मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत ठेवून त्यांनी तोंड मेणाने बंद केले. सकाळी निवळ दुधासारखी झाली होती. मग दुसऱ्या वाटीत बोरूच्या नळीने मला फुंकायला लावले. तीही दुधाळ झाली. "बघा, तुमचा श्वास आणि हरभऱ्याचा श्वास सारखाच." शेवटी कापसात गुंडाळलेल्या मडक्यात त्यांनी मला हात घालायला लावला. आतले मोड कोमट होते. श्वास चालतो तिथे ऊब असते, असे त्यांचे म्हणणे. हे मात्र मला पटायला वेळ लागला नाही. दाबून भरलेली पानाची टोपली आतून तापते, हे मी रोज पाहत होतो. का तापते, ते तेव्हा कळले.

ते दिवस कापसाचे होते. अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि इकडे कापसाला सोन्याचा भाव आला. रिकामी खोली मिळेना, तेव्हाच सावजींनी शाळेची खोली घेतली. आणि मग लढाई थांबली, भाव कोसळले. सावजी भाव चढायची वाट पाहत राहिले आणि मास्तर ओसरीवर पोरे घेऊन बसत राहिले.

पावसाळ्यात कौले गळली. आतला कापूस सरकीसकट भिजला. एका सकाळी मास्तरांनी मला हाक मारली. खोलीचे कुलूप त्यांनी मुठीत धरले होते. "हात लावा." ऊन अजून आलेले नव्हते, तरी लोखंड गरम होते. फटीतून आंबूस वास येत होता.

"सरकीला मोड येताहेत. आत श्वास चालू आहे," मास्तर म्हणाले. "हे असेच तापत गेले तर पेटेल."

आम्ही दोघे सावजींच्या गादीपुढे उभे राहिलो. मास्तरांनी सगळे नीट समजावले. सावजींनी पानाची पिंक टाकली. "कापूस कई श्वास घेते काय? खोली पायजे म्हणून बहाणे करून राहिले तुमी."

"सावजी, निदान हात तरी लावून पाहा!" मी ओरडलो.

"तू पानं वीक."

चौथ्या दिवशी दुपारी कौलांतून धूर निघाला. सावजींच्या माणसांनी दार फोडले, वारा आत शिरला आणि भडका उडाला. कापूस गेला, शाळा गेली. पंचांपुढे सावजी म्हणाले की मास्तर ओसरीवर शेगडी पेटवत, तिचीच ठिणगी. त्या दिवशी शेगडी पेटलीच नव्हती, हे मी सांगायला उठलो, तर पंच म्हणाले, "तू बस. तुये तं सगळ्या गावाशी भांडन." मास्तरांची बदली झाली. निघताना त्यांनी बरणी माझ्या दुकानात ठेवली आणि माझ्या टोपलीतले एक पान उचलून सवयीने उलटे केले.

बरणी माझ्याकडे आहे. सावजीही त्याच गादीवर आहेत, आणि शाळा जाळणारा मास्तर म्हणून लोक अजून मास्तरांचेच नाव घेतात. तेव्हा सावजी, चार माणसांसमोर उत्तर द्या. कुलूप तापले आहे हे मास्तरांनी तुम्हाला तुमच्या गादीपुढे उभे राहून सांगितले होते की नाही? मी शेजारी उभा होतो. हो की नाही, एवढेच बोला.