हंगामाला थांबलेले दाजी

दाजी कुणाच्या मयताला गेले, तरी शेजारी उभ्या माणसाला हळूच विचारायचे, "गेल्या सात दिसांत काय काम केलंस?" मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ओरोसच्या ऑफिसात आम्ही दोघं रोजगाराच्या पाहणीवर होतो. ते मुरलेले, मी नवी. पायाला भिंगरी लावलेला माणूस. देवगड झालं की वेंगुर्ले, वेंगुर्ले झालं की पुन्हा देवगड. एस्टी थांबायच्या आधी हे दाराशी उभे. त्यांच्या मागे फिरून माझ्या वर्षाला तीन चपला झिजायच्या.

पावसाळ्यात कामावर असलेल्यांचा आमचा आकडा दरसाल धाडकन खाली यायचा. घाटावरून आलेले नवे साहेब तो बघून हबकले आणि जिल्हा बुडाला असा अहवाल लिहायला बसले. दाजींनी त्यांना शुद्ध मराठीत समजावलं, की होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या आहेत, आंबा उतरून झालाय, हे असंच व्हायचं. आषाढाची तुलना चैत्राशी करू नका, मागच्या आषाढाशी करा. बाहेर येऊन मला म्हणाले, "आधी हंगाम भायर काढ गो, मगे रड."

त्यांचा खरा संशय असायचा तो वाढीवर. दिवाळीनंतर आकडा वर आला की ऑफिसात सगळे खूश, हे मात्र जुने कागद उपसत बसायचे. होड्या पाण्यात गेल्या म्हणजे आकडा चढणारच, पण मागच्या कार्तिकाएवढा का नाही चढला? म्हणजे हंगामाच्या आड कुणाचं तरी काम खरंच गेलंय, असं त्यांचं म्हणणं. मग ते कुणाचं, हे शोधायला पुन्हा वणवण. मी चरफडायचे. पण खरं सांगते, ते कधी चुकले नाहीत.

आणि एका कार्तिकात पाहणीच्या यादीत दाजींचंच मालवणचं घर आलं. स्वतःच्या घराचा फॉर्म स्वतः भरायचा नाही, म्हणून मी गेले. पडवीत त्यांचा एकुलता एक मुलगा सुहास बसला होता. तो ज्या ट्रॉलरवर जायचा तो मालकाने विकून तिसरं वर्ष चाललं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं बरोबर हिंडून दाजी एका शब्दाने बोलले नव्हते! गोव्यात मित्राच्या गॅरेजात सुहासला जागा चालून आली होती, तीही दोनदा. पावसात दाजी म्हणाले, पाऊस जाऊ दे. पाऊस गेल्यावर म्हणाले, हंगाम लागला की दुसरी बोट मिळेल.

मी ठरलेला प्रश्न विचारला. सुहास बापाकडे बघत राहिला. दाजी पडवीत येरझारा घालत होते, तेच घाईने म्हणाले, "लिही, तो हंगामाक थांबलो आसा."

माझं डोकं सटकलं. दुसऱ्या कुणाच्या घरी हे उत्तर त्यांनी मला लिहू दिलं असतं का? मी म्हटलं, "दाजी, बोटी कधीच्या समुद्रात गेल्या. आता कसला हंगाम?"

ते थांबले. मग म्हणाले, "बेकार लिही."

मला वाटलं, पोरगा आता खचणार. त्याने उलट मोठा श्वास सोडला. "बाबा, ह्यां पयल्याच वर्सा बोलूचां होतां," एवढंच म्हणाला आणि आत जाऊन गोव्याला जायची बॅग भरू लागला.

मी खाली मान घालून पुढचे रकाने भरत होते. इतका हुशार माणूस घरात असा कसा चुकला, हे माझ्या तोंडावर दिसलं असणार. दाजी जवळ आले आणि आतल्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "चुकाक नाय गो. माका पयल्या दिसापासून म्हायत होतां. पण तो गेलो काय घरात मी आणि तेची आई, दोघांच."