सोनं नाही, फिरकी बाधत होती!

बायांनो, हातातलं काम ठेवा आणि आधी आपापल्या कानातल्याची फिरकी तपासा! मी आत्ताच सराफ्यातून आलेय आणि पाय जमिनीवर टिकत नाहीयेत.

लग्नात सासूबाईंनी मला सोन्याचे टॉप्स घातले. तेव्हापासून चार वर्षं, ते घातले की कान खाजतात, पाणी सुटतं. मग मी कडुनिंबाच्या काड्या घालून फिरते. सासूबाई चारचौघींत सांगतात, "आमच्या सुनेला सोनं मानवतच नाही." सगळ्या हसतात. मला मात्र लागतं.

पुढच्या महिन्यात नणंदेचं लग्न, म्हणून आज सासूबाई आणि मी ते टॉप्स मोडायलाच गेलो होतो.

सोनारकाकांनी फिरक्यांजवळ लोहचुंबक नेलं. टक! दोन्ही चिकटल्या.

"भाभी, टॉप्स एकदम असली आहेत. पण फिरक्या लोखंडाच्या, वरून निकलचं पाणी. कान त्यानेच पिकतात."

सासूबाईंचा चेहरा उतरला. "माय वं! लग्नाआधी टॉप्स धुताना फिरक्या मोरीत गेल्या, तर घाईत मीच बांगडीवाल्याकडून आणल्या होत्या."

मला हसू आवरेना. त्या हसल्या नाहीत. स्वतःच्या कानातल्या सोन्याच्या फिरक्या काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवल्या. "कान बरे झाले की ह्या लाव. लग्नात सगळ्यांना मीच सांगते, चूक कोणाची होती."

तुमच्याही घरात कोणाला 'सोनं मानवत नाही' का? तिचे टॉप्स कधी कोणी उलटून पाहिलेत?