सोमवारचं ‘आम्ही’

पाया लेबार भागातल्या आमच्या ऑफिसात तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. माणूस आयर्लंडचा, पण दर सोमवारी बॅग खाली ठेवायच्या आधी सांगणार, “जिंकलो आम्ही!” किंवा नुसतंच, “हरलो.” हे ‘आम्ही’ म्हणजे इंग्लंडमधला एक बडा क्लब. हरले असतील तर स्वारी जेवणापर्यंत कुणाशी बोलत नाही.

“तुझ्या गावात क्लब नाही का रे?” मी एकदा विचारलं.

“आहे की. घरामागेच मैदान आहे. पण तो काय फुटबॉल!”

मला ते उगाचच लागलं. माझी मुलगी आयर्लंडमध्येच शिकते; तिच्याकडून मुद्दाम त्याच्या गावच्या क्लबचा मफलर मागवला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला. “कुठला क्लब हा?” मग गावाचं नाव दिसलं. त्याने मफलर खुर्चीवर टाकला. पण आमच्या ऑफिसातला एसी असा, की दुपारपर्यंत तो गळ्यात आला आणि रोज राहिला.

या सोमवारी तो तोंड पाडून आला. “हरलो आम्ही.”

“काहीतरीच! तीन गोलांनी जिंकलात, मी बातम्यांत पाहिलं.”

“ते जिंकले,” मफलर सारखा करत तो म्हणाला, “हरलो आम्ही.”